स्विचमधलं सीएफएम: कामाचं आहे, पण नुसतं चालू करून सोडलंत तर शोभेचं

सरळ मुद्द्यावर येतो. ज्यांच्या दोन साइट भाड्याच्या लेयर टू (म्हणजे आयपी न बघता नुसत्या इथरनेट फ्रेम पोहोचवणाऱ्या) लाइनवर जोडलेल्या आहेत आणि ज्यांना प्रोव्हायडरच्या एनओसीकडून (त्यांच्या नेटवर्क कंट्रोल रूमकडून) "आमच्याकडून तर लाइन अप दिसतेय सर" हे वाक्य नेहमी ऐकावं लागतं त्यांनी आपल्या स्विचमध्ये सीएफएम, म्हणजे लाइन टोकापासून टोकापर्यंत खरंच चालू आहे का हे तपासणारं फीचर, आहे का ते आजच बघा. मेट्रो इथरनेटसाठी बनवलेला स्विच असेल तर बहुतेक असणारच, पैसे भरून घेतलेलं फीचर आणि कोणी हात लावलेला नाही अशी परिस्थिती बऱ्याच ठिकाणी असते. मी गेली काही वर्षं पुणे, चाकण, रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांची नेटवर्क सांभाळतो, एका टोकाला सिस्को, दुसऱ्या टोकाला ज्युनिपर किंवा हुआवेई, मधे प्रोव्हायडरचं काय असेल ते देव जाणे, अशा खिचडीत हे वापरून झालंय, त्यावरून हा रिव्ह्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण नाव कनेक्टिव्हिटी फॉल्ट मॅनेजमेंट, आयट्रिपलईचं ८०२.१एजी हे स्टँडर्ड २००७ चं, नंतर २०११ मध्ये ते मुख्य ८०२.१क्यू मध्येच घेतलं. आयटीयूचं वाय.१७३१ हे त्याचं भावंड, फ्रेम तीच, वर डिले आणि लॉस मोजायची सोय. कल्पना एकदम साधी आहे, दोन टोकांना एकेक मेप, म्हणजे तपासणीचं टोक, बसवायचा, दोघं एकमेकांना ठरलेल्या वेळाने "मी आहे" अशी छोटी फ्रेम पाठवत राहतात, तिला सीसीएम म्हणतात, आणि लागोपाठ साडेतीन वेळा ती आली नाही की समोरचा गेला असं धरायचं. वर लूपबॅक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवर मारलेला पिंग, आणि लिंकट्रेस म्हणजे लेयर टू चा ट्रेसराउट. आयपी लागत नाही, ज्या व्हीलॅनमधून (एकाच लाइनवर वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कमधून) कस्टमरचा डेटा जातो त्याच व्हीलॅनमधून हे जातं, आणि तीच खरी मजा आहे.

कारण पोर्टची हिरवी लाइट काय सांगते? तुमच्या स्विचपासून जवळच्या मीडिया कन्व्हर्टरपर्यंतची (फायबरचं कॉपर करणारा डबा) तीन फुटांची केबल ठीक आहे, एवढंच. पुढे जेसीबीने फायबर उपटली तरी कॉपरच्या बाजूची लिंक तशीच अप राहते. त्या कन्व्हर्टरवर खाली एलएफपीचा एक बारका डिप स्विच असतो, तो ऑन केला तर फायबर गेल्यावर कॉपरची लिंकपण पाडतो, पण मी बघितलेल्या बहुतेक डब्यांवर तो ऑफच असतो, आणि लास्ट माइलला लावलेल्या त्या डब्याची चावी कोणाकडे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. आणि फायबर शाबूत असून बरेच व्हीलॅन वाहणाऱ्या मधल्या एखाद्या ट्रंकवरून फक्त तुमचा व्हीलॅन उडवला गेला असेल तर एलएफपीने पण काही होत नाही. तिथे सीएफएम.

आता कॉन्फिगरेशन. इथेच लोक कंटाळून सोडतात, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या भेटीत हे फीचर अजिबात गोड नाही.

सगळ्यात आधी डोमेन, म्हणजे तपासणीची हद्द कोणाची ते, आणि लेव्हल. लेव्हल ० ते ७, रिवाज असा की कस्टमरला ५ ते ७, प्रोव्हायडरला ३ आणि ४, आणि खालच्या ऑपरेटरला ० ते २. मेप आपल्या लेव्हलची फ्रेम वाचतो, वरच्या लेव्हलची जाऊ देतो, खालच्या लेव्हलची अडवतो. विरारची फास्ट लोकल मधल्या स्टेशनांवर न थांबता जाते ना, तशी तुमची ७ लेव्हलची फ्रेम प्रोव्हायडरच्या ३ लेव्हलच्या मेपवर न थांबता पुढे जाते. म्हणून स्वतःसाठी वरची लेव्हल घ्या. बरेच जण लॅबमध्ये लेव्हल ३ किंवा ४ टाकतात, उदाहरणं बघून, आणि तेच प्रॉडक्शनला नेतात, मग प्रोव्हायडरने त्याच लेव्हलला आपला मेप बसवलेला असला की तुमच्या सीसीएम तिथेच संपतात, वर त्यांच्याकडे क्रॉस कनेक्टचा, म्हणजे परकी सीसीएम आल्याचा, अलार्म वाजतो आणि ते तुम्हालाच विचारतात काय पाठवताय म्हणून.

मग नाव. डोमेनचं नाव आणि सर्व्हिसचं म्हणजे एमएचं नाव मिळून एक ४८ बाइटची ओळख बनते आणि ती दोन्ही टोकांना बाइट टू बाइट सारखी लागते. एकीकडे चाकण कॅपिटलमध्ये आणि दुसरीकडे स्मॉलमध्ये लिहिलं की झालं, लिंक ठणठणीत असूनसुद्धा फॉल्ट. नुसतं नाव नाही, नावाचा फॉरमॅट पण जुळावा लागतो, एकाने अक्षरांचं नाव दिलं आणि दुसऱ्याच्या डब्याने तिथे व्हीलॅन नंबर फॉरमॅट म्हणून टाकला तर स्क्रीनवर दोन्ही बरोबर दिसतात आणि वायरवर वेगळी जातात. अशा वेळी स्क्रीनकडे बघत बसू नका, पोर्ट मिरर करा (ट्रॅफिकची नक्कल लॅपटॉपवर घ्या) आणि वायरशार्क या फ्रेम उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, इथरटाइप ८९०२, फ्रेम उघडली की फॉरमॅट आणि लांबी दोन्ही स्वच्छ दिसतात, पाच मिनिटांत निकाल. दोन्ही नावं मिळून ४४ अक्षरांच्या आत ठेवायची, खरं तर दहाच्या आत ठेवा, टायपिंगच्या चुका कमी.

डिरेक्शन. हा सगळ्यात वैताग. डाउन मेप म्हणजे ज्या पोर्टवर बसवलाय त्याच पोर्टमधून बाहेर केबलकडे बोलणारा, आणि अप मेप म्हणजे पोर्टवर बसून आत स्विचच्या पोटात बोलणारा, फ्रेम आतून फिरून दुसऱ्या पोर्टमधून बाहेर पडते. कारखान्याच्या टोकाला अपलिंकवर साधं चेक करायचं असेल तर डाउन हवा. सिस्को आयओएसमध्ये सर्व्हिसच्या ओळीत डिरेक्शन डाउन असं स्वतः लिहावं लागतं, नाही लिहिलं तर अप धरतो. ज्युनिपर निदान अप की डाउन हे मेपखालीच उघड लिहायला लावतं, हुआवेईमध्ये इनवर्ड आणि आउटवर्ड असे शब्द आहेत, इनवर्ड म्हणजे अप, आउटवर्ड म्हणजे डाउन, आणि मला विचाराल तर हे शब्द जास्त कळणारे आहेत. अपलिंकवरच अप मेप बसवला तर त्याचे सीसीएम अपलिंकमधून बाहेर न पडता आतल्या लॅनकडे जात राहतात, आणि माणूस दुपारभर प्रोव्हायडरला शिव्या घालतो.

पुढे इंटरव्हल. स्टँडर्डमध्ये ३.३३ मिलिसेकंद, १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद, १० सेकंद, १ मिनिट, १० मिनिटं अशा सात पायऱ्या आहेत. सिस्को आयओएसचा डिफॉल्ट १० सेकंद, हुआवेईचा १ सेकंद. दोन्ही डिफॉल्टवर ठेवून जोडले तर? फ्रेम पोहोचतात, नाव जुळतं, लेव्हल जुळते, तरी एरर, कारण इंटरव्हल वेगळा असलेली सीसीएम ही स्टँडर्डनुसार चुकीची सीसीएम. हे पहिल्यांदा भेटलं की माणूस चक्रावतो. मी सगळीकडे १ सेकंद ठेवतो, म्हणजे साडेतीन सेकंदांत कळतं, कारखान्याच्या कामाला भरपूर झालं. १० सेकंदांवर ठेवलं तर पस्तीस सेकंद गेल्यावर कळणार, तोपर्यंत शॉपफ्लोअरवरून फोन आलेला असतो. आणि ३.३३ च्या नादी लागू नका, सेकंदाला ३०० फ्रेम एका सेशनला, ते ज्यांना ५० मिलिसेकंदांत रिंगमधला ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने फिरवायचाय त्यांच्यासाठी आहे आणि ते हार्डवेअरमध्ये होत असेल तरच. सीपीयूवर सीएफएम चालवणाऱ्या स्विचवर कोणी हे केलं तर सीपीयू दुसरीकडे अडकला की सीसीएम चुकणार आणि लाइन ठीक असताना फॉल्ट येत जात राहणार.

आता ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती गोष्ट. समजा तुम्ही दोन्ही टोकांना सगळं बरोबर टाकलं आणि एका टोकाचा स्विच रिबूट झाला, नेमकी त्याच वेळी लाइन पण गेली. स्विच वर आला, त्याला समोरून एकही सीसीएम आली नाही. काय अलार्म येईल? काहीच नाही. एरर्स बघितले तर रिकामं, रिमोटची यादी बघितली तर रिकामी, सगळं शांत. कारण समोर कोण असायला पाहिजे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही, तो फक्त जे ऐकू आलं त्यांची नोंद ठेवतो, आणि ऐकू आलेला गप्प झाला तरच ओरडतो. कधी ऐकूच आला नाही तर त्याच्या लेखी तो नाहीच. यावर उपाय आहे, सर्व्हिसखाली समोरच्याचा मेप आयडी लिहायचा आणि क्रॉसचेक चालू करायचं किंवा रिमोट मेप स्टॅटिक करायचा. पण हे ऐच्छिक आहे! पाठ्यपुस्तकी उदाहरणांत बऱ्याचदा नसतं, रिमोट दिसला की लोक स्क्रीनशॉट काढून यूएटी म्हणजे स्वीकृती चाचणी साइन करून घेतात. मॉनिटरिंगसाठी घेतलेल्या फीचरने न आलेल्या माणसाची हजेरी विचारायचीच नाही हे मला आजपर्यंत पटलेलं नाही. तुम्ही काहीही विसरा, हे विसरू नका.

त्याच जातीचं दुसरं. सिस्कोमध्ये सर्व्हिसखाली कंटिन्युइटी चेक ही ओळ वेगळी टाकावी लागते, नाहीतर मेप बसतो आणि मौनव्रत घेतो. हुआवेईमध्ये सीसीएम पाठवणं वेगळं चालू करायचं आणि रिमोटकडून घेणं वेगळं चालू करायचं, दोन्ही सुरुवातीला बंद. सिस्कोच्या एएसआर ९२० वर आणखी पसारा, तिथे मेप सरळ पोर्टखाली न जाता सर्व्हिस इन्स्टन्सखाली (पोर्टवरच्या एकेका सर्व्हिसच्या कप्प्याखाली) जातो, वर ईव्हीसीचं म्हणजे त्या व्हर्च्युअल सर्किटचं नाव जुळवा, पहिल्यांदा करताना वही घेऊनच बसा. सिस्कोच्याच जुन्या एमई सिरीजच्या स्विचवर अजून वेगळीच भानगड, सुरुवातीची सॉफ्टवेअर स्टँडर्डच्या पहिल्या ड्राफ्टवर बेतलेली होती आणि ती अंतिम स्टँडर्डशी बोलत नाहीत, त्यामुळे कपाटात पडलेला जुना स्विच चाकणला लावून काम भागवायचं असेल तर आधी आयओएस व्हर्जन बघा.

एकतर्फी फॉल्टबद्दल पण थोडं. फायबरचा एकच कोर गेला, तुम्ही पाठवताय ते पोहोचतंय, तिकडून येणारं येत नाही. तेव्हा ज्याला ऐकू येत नाही तो आपल्या सीसीएममध्ये आरडीआय नावाचा एक बिट उभा करतो, म्हणजे दुसऱ्यालाही कळतं की आपलं ऐकलं जातंय पण... नाही थांबा, उलट, समोरच्याला काहीतरी ऐकू येत नाहीये एवढं कळतं, आपलंच की तिसऱ्या कोणाचं हे त्या बिटवरून कळत नाही, दोनच मेप असतील तर आपलंच. सोय छान आहे, पण स्टँडर्डच्या डिफॉल्टमध्ये नुसत्या आरडीआयवर अलार्म जात नाही, तो सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीचा डिफेक्ट धरलाय आणि अलार्म त्याच्या वरच्या पायरीपासून सुरू होतात. ज्युनिपरमध्ये लोएस्ट प्रायॉरिटी डिफेक्ट म्हणून सेटिंग आहे तिथून खाली आणता येतं. ज्यांचा एनएमएस म्हणजे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर फक्त एकाच टोकाचे ट्रॅप म्हणजे अलार्मचे मेसेज घेतो त्यांनी हे नक्की करावं.

बरं, एवढा खटाटोप करून मिळतं काय? एक प्रसंग सांगतो, प्रोव्हायडरचं नाव घेत नाही. एका प्लांटचा ईआरपीचा व्हीलॅन बंद, फोनचा व्हीलॅन त्याच लाइनवर मस्त चालू. रात्री त्यांचं प्लॅन्ड वर्क झालेलं. एनओसीचं म्हणणं, दोन्ही टोकांचे आमचे डबे पिंग होतायत, पोर्ट अप, ट्रॅफिक पण दिसतोय, तुमच्या सर्व्हरला बघा. ट्रॅफिक दिसणारच, फोन चालू होते ना! आमच्याकडे दोन्ही व्हीलॅनचे वेगळे मेप होते, एक हिरवा एक लाल, आणि त्यांनी लाइन देताना आमच्या लेव्हलचे मिप, म्हणजे स्वतः सीसीएम न पाठवता लूपबॅक आणि लिंकट्रेसला फक्त उत्तर देणारे मधले थांबे, दोन्ही टोकांच्या आपल्या डब्यांवर ठेवून दिले होते, हे त्यांच्याच एका चांगल्या इंजिनिअरचं काम. मग लूपबॅक मारला, आमच्या बाजूच्या त्यांच्या डब्याकडून उत्तर, पलीकडच्या डब्याकडून नाही. पलीकडच्या प्लांटमधून उलटं केलं, तिथेही तसंच, जवळचा बोलतो लांबचा नाही. आता याच्यात वाद घालायला जागाच नाही, दोन्ही डबे त्यांचे, मधलं सगळं त्यांचं, आणि एकाच व्हीलॅनला रस्ता नाही. मेलवर ते आउटपुट टाकलं आणि कोणाशीही आवाज न चढवता तिकीट त्यांच्या कोअर टीमकडे गेलं, मधल्या एका ट्रंकच्या यादीतून आमचा व्हीलॅन गळला होता. हे सीएफएम नसतं तर लॅपटॉप घेऊन दोन्हीकडे माणूस पाठवणं आलं, आणि चाकणचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे.

लिंकट्रेसबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नका. एक तर मधल्या डब्यांवर तुमच्या लेव्हलचे मिप असतील तेवढेच दिसणार, आणि बरेच प्रोव्हायडर आपलं पोट कस्टमरला दाखवत नाहीत. दुसरं म्हणजे ते मॅक टेबल बघत बघत पुढे जातं, लाइन पडून वेळ झाला की टेबलमधून समोरचा मॅक पुसला जातो, साधारण स्विचवर ३०० सेकंद, मग पहिल्याच डब्यापाशी ट्रेस मरतो आणि तुम्हाला वाटतं फॉल्ट दारातच आहे. मिपला सीसीएमची स्वतंत्र नोंदवही ठेवता येते, ती चालू असेल तर थोडं जास्त टिकतं. नाहीतर अलार्म आला की पहिल्या पाच मिनिटांतच ट्रेस मारा, चहा नंतर.

लोक विचारतात, मधे साधा अनमॅनेज्ड स्विच असेल तर चालेल का. चालतं. सीसीएमचा मल्टिकास्ट पत्ता ०१-८०-सी२-००-००-३० पासूनचा आहे, लूप रोखणाऱ्या एसटीपी प्रोटोकॉलवाल्या त्या राखीव सोळा पत्त्यांमधला नाही, त्यामुळे साधा स्विच त्याला नेहमीच्या मल्टिकास्टसारखा सगळीकडे सोडून देतो. प्रोव्हायडरने मुद्दाम फिल्टर लावला असेल तरच अडतं, म्हणून ऑर्डर देतानाच लेव्हल ५ ते ७ ची सीएफएम ट्रान्सपरंट जाईल का हे लेखी विचारून घ्या, सेल्सवाल्याला कळणार नाही, प्रीसेल्सच्या माणसाला फोनवर घ्या.

फॉल्ट कळला, पुढे काय, हा पण प्रश्न आहे. नुसता लॉग पडून उपयोग नाही, ट्रॅफिक बॅकअपवर गेला पाहिजे. ज्युनिपरमध्ये अ‍ॅक्शन प्रोफाइल आहे, शेजारी गेला की इंटरफेस डाउन कर, दोन तीन ओळींत काम, मला हेच सगळ्यात आवडलं. सिस्कोच्या आयओएस एक्सआरमध्ये ईएफडी म्हणून आहे, ते फक्त लाइन प्रोटोकॉल पाडतं, पोर्ट फिजिकली अप राहतं, त्यामुळे सीसीएम चालूच राहतात आणि लाइन सुधारली की आपोआप वर येतं, हा विचार कोणीतरी डोकं लावून केलाय. हुआवेईमध्ये पण सीएफएमला इंटरफेसशी बांधता येतं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांना याची गरज नाही. तुमच्या लाइनच्या दोन्ही टोकांना राउटिंग आहे, एकच व्हीलॅन आहे, आणि फक्त लवकर कळायला हवंय, तर बीएफडी, म्हणजे राउटरांमधली आयपीवरची असलीच "मी आहे" तपासणी, लावा, दोन ओळी, विषय संपला. सीएफएम तिथे, जिथे एका लाइनवर बरेच व्हीलॅन आहेत, टोकांना आयपी नाही, किंवा फॉल्ट कोणाच्या हद्दीत आहे हे सिद्ध करावं लागतं. एसएलएचे, म्हणजे सेवेच्या हमीचा करार मोडल्याचे, पैसे कापून घ्यायचे असतील तर वाय.१७३१ चं डिले मोजणं पण चालू करा, दोन्ही दिशांचा मिळून डिले मोजायला टोकांची घड्याळं जुळवायला लागत नाहीत, एकाच दिशेचा हवा असेल तर लागतात. लॉससाठी वेगळ्या सिंथेटिक फ्रेम वापरणारा प्रकार घ्या, खऱ्या फ्रेम मोजणारा प्रकार दोनपेक्षा जास्त टोकं असतील तर कामाचा नाही.

मार्क द्यायचे तर फीचर म्हणून पाचात चार. कॉन्फिगर करायच्या अनुभवाला दोन, तेही ज्युनिपरमुळे, कारण तिथे एका झाडाखाली सगळं सलग दिसतं, सिस्कोत अर्धं ग्लोबलमध्ये अर्धं इंटरफेसखाली. नवीन स्विच घेणाऱ्यांनी डेटाशीटवर ८०२.१एजी असं लिहिलंय एवढ्यावर पीओ काढू नका. काही मॉडेलवर ते वेगळ्या लायसन्सखाली असतं, काहींवर फक्त डाउन मेप चालतो, काहींवर १ सेकंदाच्या खालचा इंटरव्हल नाही, आणि एकूण किती मेप चालतील याचा आकडा तर मागितल्याशिवाय कोणी देत नाही. डेमोचा डबा मागवा, समोर तुमच्या दुसऱ्या कंपनीचा स्विच लावा, मधली केबल काढून ठेवून डेमोचा डबा रिबूट करा, आणि अलार्म येतो का ते व्हेंडरच्या माणसाला शेजारी बसवूनच बघा.